प्लास्टरवर दिलेला ब्राँझचा रंग

निवृत्तीच्या दिवशी शाळेने शाल दिली, श्रीफळ दिलं, आणि एका सहकाऱ्यांनी फार मनापासून भाषण केलं. "बाई शिल्पकला शिकल्या होत्या," ते म्हणाले, "त्यांनी पुतळे घडवले नाहीत, पण हे शेकडो विद्यार्थी हीच त्यांची शिल्पं!" टाळ्या पडल्या. मागच्या बाकांवर माझ्या जुन्या मुली रडत होत्या. मी हात जोडून उभी होते. त्या वाक्यात प्रेम होतं, यात मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर ते वाक्य छातीवर बसून राहिलं. का, ते कळायला मला दोन वर्षं आणि एक नऊ इंचांचा मुलगा लागला.

तो मुलगा मला वॉशिंग्टनमध्ये भेटला. माझी लेक तिकडे असते. तिला ऑफिस होतं, म्हणून मी एकटीच मेट्रोने स्मिथसोनियनच्या अमेरिकन कलेच्या संग्रहालयात गेले. मोठमोठी चित्रं होती, मोठमोठ्या फ्रेमा होत्या. त्यांतून फिरता फिरता एका मुलाच्या डोक्यापाशी पाय थांबले. डोक्यावर मऊ, ऐसपैस टोपी, जरा बाजूला झुकलेली. मानही तशीच किंचित कललेली. सदऱ्याची कॉलर चुरगळलेली, उघडी. वय असेल दहा-बारा. पण नजर! दिवसभर बाहेर उंडारून संध्याकाळी घरी आलेली, 'कुठे होतास?' या प्रश्नाची वाट बघत असलेली नजर. उत्तर त्याच्याकडे तयार आहे, आणि ते आपल्याला पटणार नाही, हेही त्याला ठाऊक आहे. अशी पोरं मी तीस वर्षं वर्गात पाहिली आहेत.

रंग तांबूस तपकिरी, ब्राँझसारखा. पण ते ब्राँझ नव्हतं. पाटी वाचायच्या आधीच मी ओळखलं. ब्राँझवर प्रकाश सरकतो, प्लास्टरवर तो थोडा बसतो. कितीही हुशारीने रंग दिला तरी कानाच्या मागे, कॉलरच्या वळणात प्लास्टर बोलतंच. मला ते बोलणं ऐकू येतं, कारण १९८४ साली, शिल्पकलेच्या पदविकेच्या शेवटच्या वर्षी, मीही माझ्या आईच्या अर्धपुतळ्याला असाच ब्राँझचा रंग दिला होता. ओतकामाला पैसे नव्हते.

पाटीवर नाव होतं 'गॅमिन', म्हणजे रस्त्यावर हुंदडणारं पोरगं. साल १९२९च्या आसपास. शिल्पकार ऑगस्टा सॅव्हेज. माध्यम: रंगवलेलं प्लास्टर.

त्या दिवसापासून मी या बाईचा माग काढते आहे.

ऑगस्टाचं माहेरचं नाव फेल्स. तिचा जन्म २९ फेब्रुवारी १८९२चा, फ्लोरिडातल्या ग्रीन कोव्ह स्प्रिंग्ज या गावातला. चौदा भावंडांतली ती सातवी. गावात विटा पाडायचा धंदा होता, लाल चिकण माती पायाखालीच होती. बाकीची पोरं चिखलाचे गोळे करायची, ही बदकं करायची. वडील एडवर्ड फेल्स मेथडिस्ट धर्मोपदेशक. बायबलमध्ये मूर्ती घडवू नका असं सांगितलं आहे, आणि घरात ही पोरगी रोज मूर्ती घडवते आहे. तिने पुढे सांगितलं आहे की वडील आठवड्यातून चार-पाच वेळा मारायचे, आणि त्या माराने तिच्यातली कला जवळजवळ झडून गेली होती. त्यातल्या 'जवळजवळ' या शब्दापाशी मी बराच वेळ थांबले. मुलाच्या हातातून एखादी गोष्ट मारून काढता येते. ती पूर्ण जात नाही, पण जे उरतं ते घाबरून उरतं. हिच्यात मात्र ते न घाबरता उरलं. ते कशामुळे, मला सांगता येत नाही.

पंधराव्या वर्षी लग्न झालं, सोळाव्या वर्षी मुलगी झाली, आणि पुढच्या काही वर्षांत नवरा वारला. १९१५मध्ये कुटुंब वेस्ट पाम बीचला आलं. तिथली जमीन वाळूची. माती नाही! ज्या बाईच्या बोटांना मातीची सवय आहे तिला वाळूत आणून सोडणं म्हणजे काय, हे ज्याने मातीकाम केलं आहे त्यालाच कळेल. वाळू आकार धरत नाही, ती फक्त ढीग होते. मग कधीतरी तिला एका कुंभारखान्यातून पंचवीसेक पौंड माती मागून मिळाली, आणि तिने त्यातून पुन्हा प्राणी घडवले, माणसं घडवली, एक मेरीमाता घडवली. त्या मेरीमातेपुढे वडिलांचा राग विरघळला असं सांगतात. शाळेच्या मुख्याध्यापकांनी तिला मुलांना मातीकाम शिकवायला ठेवलं. रोज एक डॉलर. म्हणजे तिची शिल्पकार म्हणून कारकीर्द सुरू होण्याच्या आधीच तिची शिक्षिका म्हणून नोकरी सुरू झाली. हा क्रम पुढेही बदलला नाही.

१९१९च्या पाम बीच परगण्याच्या जत्रेत तिच्या मूर्तींना बक्षीस मिळालं, २५ डॉलर. जत्रेचे व्यवस्थापक जॉर्ज ग्रॅहम करी यांनी तिला न्यूयॉर्कला जा म्हणून सांगितलं आणि सोलोन बोर्गलम या शिल्पकाराच्या नावे चिठ्ठी दिली. १९२१मध्ये ती न्यूयॉर्कला उतरली तेव्हा तिच्याजवळ ४ डॉलर ६० सेंट होते. बोर्गलमकडे श्रीमंतांच्या मुली शिकत. तिथली फी तिला झेपणारी नव्हती, म्हणून त्याने तिला कूपर युनियनला पाठवलं, जिथे शिक्षण फुकट होतं. प्रतीक्षायादीत १४२ जण तिच्या पुढे होते. तिचं काम पाहून त्यांना ओलांडून तिला घेतलं. चार वर्षांचा अभ्यासक्रम तिने तीन वर्षांत संपवला. मध्ये नोकरी गेली आणि शिकणं सुटायची वेळ आली, तेव्हा संस्थेने राहण्याखाण्याचे पैसे दिले. या बाईच्या आयुष्यात बंद झालेली दारं खूप आहेत, म्हणून हे एक उघडलेलं दार मुद्दाम सांगते.

बंद झालेल्या दारांपैकी सगळ्यांत मोठा आवाज झाला तो १९२३मध्ये. फ्रान्सला, पॅरिसजवळच्या फाँतेनब्लोच्या राजवाड्यात, अमेरिकन विद्यार्थ्यांसाठी उन्हाळी कलाशाळा निघाली होती. शंभर अमेरिकन मुलींची निवड व्हायची होती. ऑगस्टाने अर्ज केला. निवड समितीला ती काळी आहे हे कळलं, आणि नकार आला. कारणही सांगण्यात आलं: दक्षिणेकडच्या गोऱ्या मुली बरोबर असतील, जहाजावर, जेवणाच्या टेबलावर, वर्गात, आणि त्यांना अवघडल्यासारखं होईल. शिवाय ऑगस्टालाही अवघडल्यासारखं होईल, म्हणून हे तिच्याच भल्याचं.

हे 'तुझ्याच भल्याचं' आपल्याला काही परकं नाही. नाही म्हणणाऱ्याला नुसतं नाही म्हणून समाधान होत नाही, त्याला वर आभारही हवे असतात.

तिने आभार मानले नाहीत. ती वर्तमानपत्रांकडे गेली. न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' या दैनिकात तिचं पत्र छापून आलं. आमचे लोक शिक्षणाच्या संधी घेत नाहीत अशी तक्रार मी सतत ऐकते, असं तिने लिहिलं. पण आमच्यातल्या एकाने गर्दीतून डोकं वर काढलं की ते पुन्हा खाली दाबायला लाखो पाय तयार असतात. मला बरोबरीची संधीच नाही तर मी इतर अमेरिकन कलावंतांच्या बरोबरीने उभी राहू कशी? समितीने निर्णय बदलला नाही. समितीतल्या एकट्या हर्मन मॅकनील या शिल्पकाराने तिला आपल्या स्टुडिओत शिकायला बोलावलं. ती गेली.

या पत्राची तिला किंमत मोजावी लागली असं मला वाटतं. त्या काळात प्रदर्शनं, शिष्यवृत्त्या, संग्रहालयं हे सगळं मोजक्या लोकांच्या हातात होतं, आणि 'भांडखोर' हा शिक्का एकदा बसला की पुसत नाही. आमच्या क्षेत्रातही नाही. तरी मला हे पत्र तिच्या शिल्पांइतकंच मोलाचं वाटतं. ती तेव्हा एकतीस वर्षांची होती, एका मुलीची आई होती, आणि पोटासाठी धुलाईखान्यात कपड्यांच्या वाफेत उभी राहत होती. तिला गप्प बसायची शंभर कारणं होती.

त्याच वर्षी तिने रॉबर्ट लिंकन पोस्टन यांच्याशी लग्न केलं. ते मार्कस गार्वी या काळ्या पुढाऱ्याच्या, काळ्यांच्या स्वाभिमानासाठीच्या चळवळीतले. लग्नाला सहा महिनेही झाले नव्हते, लायबेरियाहून परतताना जहाजावरच ते वारले. १९२५मध्ये विचारवंत ड्यु बॉइस यांच्या खटपटीने तिला रोमच्या कला अकादमीची शिष्यवृत्ती मिळाली. ड्यु बॉइसचा अर्धपुतळा तिने त्याआधी हार्लेमच्या, म्हणजे न्यूयॉर्कमधल्या काळ्यांच्या वस्तीतल्या, ग्रंथालयासाठी केला होता. पण शिष्यवृत्तीत शिकवणीचा खर्च होता, प्रवासाचा आणि राहण्याचा नव्हता. ती गेली नाही. कपडे धूत राहिली. पुढे अर्धांगवायू झालेले वडील आणि बाकीचं कुटुंबही तिच्या छोट्या घरात राहायला आलं.

मग 'गॅमिन'. नऊ इंचांचा तो मुलगा. त्याच्या जोरावर १९२९मध्ये तिला रोझेनवाल्ड फंडाची शिष्यवृत्ती मिळाली. हार्लेमच्या लोकांनी वर्गणी काढली, आणि ती पॅरिसला पोचली. सहा वर्षं उशिरा, सदतिसाव्या वर्षी. तिथे ती ग्राँद शोमिएर अकादमीत काम करत होती, तिची शिल्पं पॅरिसच्या सालोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या कलाप्रदर्शनांत, लागली. तिथली दोन वर्षं, माझ्या मते, तिच्या आयुष्यातली अशी एकमेव वर्षं, जेव्हा सकाळी उठून तिला फक्त शिल्पच करायचं होतं.

इथे थोडं मातीबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

पुतळा पाहणाऱ्याला वाटतं की शिल्पकार ब्राँझमध्ये काम करतो. आम्ही काम करतो मातीत. आधी तारेचा आणि लाकडाचा सांगाडा, त्यावर माती. ती सुकून तडकू नये म्हणून रात्री ओलं फडकं गुंडाळायचं आणि सकाळी लहान मुलाचं दुपटं काढावं तसं हळूच काढायचं. काम पुरं झालं की त्यावरून प्लास्टरचा साचा घ्यायचा. साचा काढताना मूळ माती बहुधा मोडतेच. मग साच्यात प्लास्टर ओतून जी प्रत निघते ती मूळ कृतीची पहिली आणि कच्ची आठवण. प्लास्टर म्हणजे तेच, गणपतीमुळे आपल्या घराघरांत माहीत असलेलं पीओपी. पाणी लागलं की फुगतं, कोपरा आदळला की टवका उडतो. ते खरं तर मुक्कामाचं साहित्यच नाही, वाटेवरची धर्मशाळा आहे. तिथून पुतळ्याने ओतारीकडे जायचं, तिथे मेणाची प्रत, वर भट्टीची माती, मग वितळलेला धातू, मग छिन्नी, पॉलिश, रंग. आणि या शेवटच्या टप्प्याला लागतो पैसा. शिल्पकाराच्या सबंध मेहनतीपेक्षा जास्त पैसा.

म्हणून शंभर वर्षांनी कोणाचं काम उरतं याचा निर्णय पुष्कळदा ओतशाळेच्या बिलावर होतो. ऑगस्टाच्याच काळातल्या न्यूयॉर्कच्या माल्विना हॉफमन या शिल्पकार बाईंचं उदाहरण घ्या. १९३०मध्ये शिकागोच्या फील्ड म्युझियमने त्यांना जगभरच्या मानववंशांचे पुतळे करायचं काम दिलं. म्युझियमच्या मनात प्लास्टर होतं, बाईंनी ब्राँझचा आग्रह धरला आणि तो मान्य झाला. त्या जगभर फिरल्या, आपल्या देशातही आल्या, आणि शंभराहून अधिक शिल्पं घडवली. ती आज आहेत. हॉफमन मोठ्या ताकदीच्या शिल्पकार होत्या, त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण मन एका गोष्टीपाशी अडतं. जगभरच्या काळ्या-सावळ्या माणसांचे चेहरे 'नमुने' म्हणून ब्राँझमध्ये ओतायला पैसा निघाला. त्याच वर्षांत, त्याच देशात, एक काळी बाई स्वतःच्या गल्लीतल्या पोरांचे चेहरे पोरांचे चेहरे म्हणूनच घडवत होती, तेव्हा ते प्लास्टरच्या पुढे गेले नाहीत.

पॅरिसहून परतल्यावर ऑगस्टाने हार्लेममध्ये पश्चिम १४३व्या रस्त्यावरच्या एका तळघरात कलाशाळा काढली. मंदीचे दिवस. शिल्पं विकत घेणार कोण? येईल त्याला ती शिकवायची. तिच्याकडे जी मुलं आली त्यांची नावं आज अमेरिकन कलेच्या इतिहासात आहेत: नॉर्मन लुईस, विल्यम आर्टिस, अर्नेस्ट क्रिचलो, ग्वेंडोलिन नाइट, जेकब लॉरेन्स. केनेथ क्लार्क नावाचा एक मुलगाही मातीत हात घालायला येई. तो पुढे मानसशास्त्रज्ञ झाला. काळ्या मुलांना काळी आणि गोरी बाहुली दाखवून त्याने आणि त्याच्या पत्नीने केलेल्या अभ्यासाचा आधार १९५४च्या शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्धच्या निकालात घेतला गेला.

जेकब लॉरेन्सची गोष्ट मला पाठ झाली आहे. सरकारने मंदीत कलावंतांना आठवड्याच्या पगारावर ठेवायची योजना काढली होती. ऑगस्टा जेकबला हाताला धरून त्या कचेरीत घेऊन गेली. तिथे सांगितलं, वय कमी आहे, एकवीस पूर्ण हवं. परत आले. जेकब विसरून गेला. ती विसरली नाही. एक वर्ष गेलं, त्याला एकवीस पूर्ण झाली, आणि ती पुन्हा त्याला घेऊन त्याच कचेरीत हजर. आठवड्याला २३ डॉलर ८६ सेंट त्याला मिळू लागले, चित्र काढायचे. लॉरेन्सने पुढे स्पष्ट सांगितलं आहे की बाईंनी तो हट्ट केला नसता तर मी चित्रकार झालोच नसतो, कुठेतरी हलकंसलकं काम करत राहिलो असतो.

मी हे वाचलं आणि माझे डोळे भरून आले, कारण ती एक वर्ष वाट बघणारी बाई मला कळते. एलिमेंटरीच्या परीक्षेला कोणाची फी भरायची राहिली आहे, इंटरमीजिएटला कोणाला रंगपेटी मिळालेली नाही, कोणाचा बाप 'चित्र काढून पोट भरणार का' म्हणून वही फाडतो, हे सगळं चित्रकलेच्या शिक्षकाच्या डोक्यात वर्षभर फिरत असतं. घरी आल्यावरही फिरतं. त्या डोक्यात स्वतःचं शिल्प राहायला जागा कुठून आणायची?

१९३७च्या शेवटी हार्लेम कम्युनिटी आर्ट सेंटर उघडलं, उद्घाटनाला राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलिनॉर रूझवेल्ट आल्या, आणि ऑगस्टा त्याची पहिली संचालक झाली. त्याच सुमारास न्यूयॉर्कला १९३९मध्ये भरणाऱ्या जागतिक मेळ्यासाठी तिला एक शिल्प करायला सांगण्यात आलं. मोजक्या स्त्री-शिल्पकारांना असं काम मिळालं होतं. त्यांत काळी ती एकटीच. विषय होता काळ्या लोकांचं संगीताला योगदान.

तिने संचालकपदावरून रजा घेतली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्याकडे मोठं काम होतं, आणि तिने ते मोठंच केलं. उंची सोळा फूट. जेम्स वेल्डन जॉन्सन यांनी लिहिलेलं 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग' हे गीत तिने आधाराला घेतलं. हे गीत १९०० साली जॅक्सनव्हिलमध्ये, तिच्या जन्मगावापासून फार दूर नसलेल्या शहरात, पाचशे शाळकरी मुलांनी पहिल्यांदा गायलं होतं, आणि ते पुढे काळ्या अमेरिकेचं राष्ट्रगीतच झालं. ऑगस्टाने एक प्रचंड वीणा घडवली, तिकडच्या हार्पच्या घाटाची. तिच्या तारा म्हणजे उतरत्या उंचीने ओळीत उभी असलेली बारा गाणारी मुलं, लांब झग्यांच्या चुण्याच तारांसारख्या सरळ खाली उतरलेल्या. खालचा भाग म्हणजे देवाचा बाहू, आणि शेवटी त्याचा तळवा, ज्याने ती सगळी मुलं उचलून धरली आहेत. समोर गुडघ्यावर बसलेला एक तरुण, हातात सुरावट लिहिलेली.

त्याचे फोटो मी मोठे करून करून पाहिले. मुलांची तोंडं उघडी आहेत, पण 'आ' एकसारखा नाही. कोणी वरचा सूर घेतो आहे, कोणी मागे रेंगाळला आहे. शाळेच्या प्रार्थनेला समोर उभं राहून ज्याने मुलांचे चेहरे पाहिले आहेत त्यालाच हे घडवता येतं. मूर्तिकाराला मॉडेल मिळतं एक, शिक्षकाला मिळतात हजार.

मेळ्याच्या लोकांनी त्याचं नाव सुटसुटीत करून 'द हार्प' ठेवलं. दोन हंगामांत मेळ्याला साडेचार कोटींच्या आसपास लोक आले. त्या शिल्पाची पोस्टकार्डं खपली, धातूच्या छोट्या प्रतिकृती आठवण म्हणून विकल्या गेल्या.

आणि मूळ शिल्प होतं प्लास्टरचं. वरून काळा लेप, काळ्या बेसाल्टसारखा दिसणारा. ब्राँझमध्ये ओतायला पैसे नव्हते. सोळा फुटांचं प्लास्टर हलवून ठेवायला जागा नव्हती, हलवायला आणि साठवायलाही पैसे नव्हते. १९४०मध्ये मेळा संपला, पाडकाम सुरू झालं, आणि इतर तात्पुरत्या बांधकामांबरोबर ते शिल्पही बुलडोझरखाली गेलं.

हे कोणाला सांगितलं की उत्तर येतं, "आपल्या गणपतीसारखं." मला ते पटत नाही. विसर्जन आपण ठरवून करतो, वाजत गाजत, 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणून. ज्याने मूर्ती घडवली त्यालाही पहिल्या दिवसापासून माहीत असतं की ही पाण्यात जायची आहे. मातीला पाणी हा तिचा घरचा रस्ता आहे. बुलडोझर म्हणजे विसर्जन नव्हे. तिला ते शिल्प राहायला हवं होतं.

रजा संपवून ती परत गेली तर आर्ट सेंटरमधली तिची जागा भरलेली होती. १९३९मध्येच तिने हार्लेममध्ये काळ्या कलावंतांची कामं विकायला स्वतःचं दालन उघडलं. काही महिन्यांत ते बंद पडलं. १९४५मध्ये ती न्यूयॉर्क शहर सोडून कॅट्सकिल डोंगरांच्या पायथ्याशी सॉगर्टीझ गावाजवळच्या एका साध्या घरात राहायला गेली. कोंबड्या पाळल्या, भाजी लावली, एका संशोधकाच्या प्रयोगशाळेत नोकरी केली, उन्हाळ्यात मुलांना शिकवलं, गोष्टी लिहिल्या. थोडीफार शिल्पंही केली. मार्च १९६२मध्ये ती गेली. तोवर बहुतेक जग तिला विसरलं होतं. तिच्या कामातला बराच भाग आज नाही. हरवला, फुटला, फोटोपुरता उरला. १९३८चा एक फोटो आहे, त्यात ती 'रिअलायझेशन' नावाच्या मोठ्या शिल्पाजवळ उभी आहे. ते शिल्पही आता नाही.

१९३५मध्ये तिने एका मुलाखतीत म्हटलं होतं की मी खरोखर सुंदर, खरोखर टिकाऊ असं काहीच घडवलेलं नाही, पण या पोरांपैकी एकाला जरी त्याच्यातले गुण फुलवायची प्रेरणा देऊ शकले तर त्यांचं काम हेच माझं स्मारक असेल.

तिच्यावरच्या बहुतेक लेखांचा शेवट या वाक्याने होतो. इथेच मला माझ्या निरोप समारंभातलं भाषण आठवलं आणि छातीवर काय बसलं होतं ते कळलं. हे वाक्य तिचं आहे, तिने म्हणावं, तो तिचा अधिकार. तळघरात मुलांच्या गराड्यात, पैसे नसताना, एखादी बाई स्वतःला असं समजावते तेव्हा तिच्यासमोर हात जोडावेत. पण तेच वाक्य आपण तिच्याबद्दल म्हणतो तेव्हा एक हिशेब आपण मिटवून टाकतो. तिच्या शिल्पांचं काय झालं, हे मग कोणाला विचारावंच लागत नाही. विद्यार्थी आहेत ना! जणू विद्यार्थी आणि शिल्पं यांतलं एकच तिला मिळण्याजोगं होतं. हॉफमनबाईंना कोणी असं सांगितलं नाही. 'सुंदर, टिकाऊ असं काहीच घडवलं नाही' हे तर खोटंच आहे. तो नऊ इंचांचा मुलगा वॉशिंग्टनमध्ये टोपी वाकडी करून बसला आहे.

दुसऱ्या दिवशी मी लेकीला घेऊन त्याच शहरातल्या फिलिप्स कलेक्शनमध्ये गेले. जेकब लॉरेन्सची दक्षिणेतून उत्तरेकडे गेलेल्या काळ्या कुटुंबांवरची चित्रमालिका साठ चित्रांची आहे. विषम क्रमांकांची तीस चित्रं तिथे असतात, सम क्रमांकांची तीस न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये. रेल्वे स्थानकावर गर्दी करून उभी असलेली माणसं, बोचकी, दारांच्या तीक्ष्ण कडा. थोर काम आहे. फळ्यांवर अस्तराचा हात द्यायला त्याला मदत केली ती ग्वेंडोलिन नाइटने, त्याच्या होणाऱ्या बायकोने. तीही ऑगस्टाच्याच हाताखालची. मी चित्रांपुढे उभी राहून म्हटलं, "हा मुलगा तिने घडवला."

लेक म्हणाली, "आई, तुझ्याबद्दल लोक असं बोलले की तुला राग येतो ना?"

मी म्हटलं, "राग नाही गं येत. अर्धं खरं ऐकल्यासारखं वाटतं."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारलं, "आजीचा तो पुतळा कुठे आहे?"

माळ्यावर होता. परत आल्यावर मी तो उतरवला. जुन्या नऊवारीत गुंडाळून ठेवला होता, आईच्याच. चाळीस वर्षांत ब्राँझचा रंग हिरवट पडला आहे, आणि नाकाच्या शेंड्याचा टवका उडालेला. तिथून आतलं प्लास्टर पांढरं दिसतं. जबड्याची डावी बाजू मी नीट केलीच नव्हती, ते आता दिसलं. तेव्हा नोकरीचं पत्र आलं होतं आणि मी घाई केली होती. पण डोळे बरोबर आहेत. आई अशीच बघायची, चुलीवरून मान वळवून.

ग्वेंडोलिन नाइटचा अर्धपुतळा ऑगस्टाने १९३४-३५च्या सुमारास घडवला होता. ऑगस्टा गेल्यानंतर कित्येक वर्षांनी, २००१मध्ये, तो ब्राँझमध्ये ओतला गेला. तेव्हा ग्वेंडोलिन हयात होत्या. हे वाचल्यावर मी एका ओतारीचा पत्ता काढला. शहराबाहेर पत्र्याची शेड आहे, दारात अश्वारूढ पुतळ्याचे दोन पाय सुटे पडलेले असतात. त्यांनी आईला दोन्ही हातांनी उचलून उजेडात धरलं, मागे-पुढे फिरवलं.

"कोणाचा आहे? संस्थापक का?"

"माझी आई."

"बरं." त्यांनी नाकावरून अंगठा फिरवला, मग जबड्यावरून. "काम कोणाचं?"

"माझंच."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पुन्हा पुतळ्याकडे. वजनाचा अंदाज सांगितला, धातूचा दर सांगितला. कागदावर आकडा लिहिला, तो माझ्या दोन महिन्यांच्या पेन्शनपेक्षा जास्त होता.

"असा नाही घेता येणार, बाई," ते म्हणाले. "आधी नाक नीट करून आणा. मग साचा घेऊ."